आधी वावराचं विचारा

तेल्हारा आणि आसपासच्या गावांत वर्ष पिकांवरून मोजतात, आणि माझ्या ओपीडीतलं वर्षही तसंच चालतं. मृगाचा पाऊस लागून राहिला, भिंतींना ओल आली, की शिंकांनी आणि दम्याने बेजार झालेली पोरं येऊ लागतात. श्रावण-भाद्रपदात निंदणाला जाणाऱ्या बाया आणि धुऱ्यावरचं गवत कापणारे गडी अंग खाजवत येतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत सोयाबीन निघतं, तेव्हा रात्री-अपरात्री दार वाजतं. मग कापूस घरात येतो, जिनिंग सुरू होतं, आणि खोकल्याची रांग लागते. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो. सगळं गाव उन्हाने हैराण असतं, पण माझे दम्याचे बरेच पेशंट त्याच दिवसांत सगळ्यात सुखी असतात. घरधुळीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव आणि भिंतीवरची बुरशी यांना जगायला ओलावा लागतो. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यांची वाढ थांबते. आपल्या आज्या वैशाखात गाद्या-गोधड्या गच्चीवर वाळत घालायच्या, ते दम्याच्या दृष्टीनेही योग्यच होतं.

ॲलर्जी आणि रोगप्रतिकारशक्तीचे विकार ही माझी शाखा. या शाखेत आता रक्ताच्या तपासण्यांची मोठी रेलचेल आहे. तरी आयुष्यभराच्या कामानंतर माझं मत पक्कं झालं आहे की निदानाचं निम्म्याहून अधिक काम पेशंट काय करतो, कुठे करतो, आणि त्रास केव्हा वाढतो, केव्हा थांबतो हे विचारण्यात होतं. तपासणी लागते ती त्या चौकशीचा ताळा करून घ्यायला. चौकशीच नसेल तर ताळा कशाचा करणार?

हे मत घेऊन मी या कामात आलो नव्हतो. नागपूरला वैद्यकीय शिक्षण झालं, पुढे दिल्लीला वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ॲलर्जीचं काम शिकायला मिळालं. तिथे परागकण पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हवा ओढून घेणारं यंत्र गच्चीवर ठेवायचं, चिकट पट्टीवर बसलेले कण रंगवायचे, गवताचे किती, झाडांचे किती, बुरशीचे किती ते मोजायचे. याच कामात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे हे तिथे कळलं. तेव्हाच्या औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतल्या कणांचा अभ्यास उभा केला होता. १९७० च्या सुमारास त्यांनी बनवलेलं हवेचे नमुने घेणारं यंत्र देशभरच्या प्रयोगशाळांत ‘टिळक सॅम्पलर’ म्हणून वापरलं गेलं. परदेशी यंत्र परवडत नव्हतं त्या काळात एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने हे केलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

त्याच वाचनातून या शाखेचा पाया कुठे घातला गेला तेही कळलं. क्लेमेन्स फॉन पिर्के हा व्हिएन्नातला बालरोगतज्ज्ञ. घटसर्प झालेल्या मुलांना त्या काळी घोड्याच्या रक्तापासून केलेला प्रतिविष-सीरम टोचत. मुलं वाचत, पण आठ-दहा दिवसांनी काहींना ताप येई, अंगावर पित्त उठे, सांधे सुजत. पिर्के आणि बेला शिक यांनी या मुलांच्या नोंदी ठेवल्या, १९०५ मध्ये ‘सीरम सिकनेस’वर पुस्तक लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी पिर्केने या बदललेल्या प्रतिक्रियेला ‘ॲलर्जी’ हे नाव दिलं. तेव्हा त्यांच्याकडे ना यंत्रं होती ना रक्ताच्या नेमक्या तपासण्या. तात्काळ उमटणाऱ्या ॲलर्जीला कारण ठरणारं आयजीई हे प्रतिद्रव्य सापडायला १९६६-६७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत इशिझाका पती-पत्नीला आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांना ते स्वतंत्रपणे सापडलं. म्हणजे साठ वर्षं ही शाखा मोठ्या प्रमाणात काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदींवर चालली होती. तेल्हाऱ्याला परत यायचं ठरवलं तेव्हा मला धीर आला तो याच गोष्टीचा. नोंद ठेवायला वही पुरते.

इथे आल्यावर ज्या आजाराने मला सगळ्यात जास्त शिकवलं तो गाजर गवताचा. एक पन्नाशीचे शेतकरी आले होते. चेहरा काळवंडून जाड झालेला, पापण्या सुजलेल्या, मानेवर आणि कोपराच्या आत कातडीला भेगा. वर्षभर कुठे कुठे दाखवून झालं होतं. ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणून घरात बसवलं होतं, वांगं-मसूर बंद केलं होतं. मी विचारलं, ‘घरी बसलं की कसं वाटतं?’ ते म्हणाले, ‘‘घरी बसलो का बरं वाटते डाक्टरसाहेब, वावरात पाय ठेवला का डोये सुजतात.’’ ‘पावसाळ्यात जास्त की उन्हाळ्यात?’ ‘‘पोयाच्या टायमाले लई.’’ पोळ्याच्या सुमारास धुऱ्यांवर गाजर गवत कमरेइतकं वाढून फुलावर असतं.

त्यांच्या पाठीवर आम्ही पॅच टेस्ट लावली. छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांत वेगवेगळी द्रव्यं घालून पाठीला पट्टीने चिकटवायची, दोन दिवस तशीच ठेवायची, काढल्यावर एकदा आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहायची. ही परीक्षा जर्मन त्वचारोगतज्ज्ञ याडासोन यांनी १८९५ मध्ये सांगितली आणि अजून तिला पर्याय नाही. वऱ्हाडात ती मे महिन्यात करता येत नाही. घामाने पट्टी तासाभरात सुटते. म्हणून आम्ही ती हिवाळ्यावर ठेवतो. त्यांच्या पाठीवर एकाच वाटीखाली लाल, फोडांनी भरलेला गोल उठला. ती गाजर गवताच्या अर्काची वाटी होती. मी त्यांच्या मुलाला बोलावून तो डाग दाखवला. त्यांनी इतके दिवस सोडलेलं अन्न आणि चुकवलेलं ऊन यांचा याच्याशी काही संबंध नव्हता. त्या दिवशी ते घरी जाऊन वांग्याची भाजी जेवले.

गाजर गवताची आपल्याकडची ठळक नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात झाली. पुढे ते रस्ते, रेल्वे आणि धान्याच्या पोत्यांबरोबर देशभर पसरलं. त्याने होणाऱ्या त्वचारोगावर डॉ. लोणकर, डॉ. मिचेल आणि डॉ. कॅलनन यांचा निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या विषयावर जगात कुठेही लिहायचं तर आजही तो वाचावा लागतो. या गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य पानांवरच्या बारीक लवेत असतं. गवत वाळलं, चुरलं की तो भुगा वाऱ्याने उडतो आणि उघड्या कातडीवर बसतो. म्हणून पापण्या, मान, कोपराची खोबण या जागा धरतात. ही ॲलर्जी शिंकांसारखी तात्काळ येत नाही. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिला कारण असतात आणि ती दोन दिवसांनी उमटते. त्यामुळेच पेशंटला कारण ओळखता येत नाही. सोमवारी धुरा साफ केला, बुधवारी चेहरा सुजला, तर दोष बुधवारच्या जेवणाला जातो. त्याच कुळातली शेवंतीही काहींना चालत नाही. हार गुंफणाऱ्या बाईच्या बोटांवर आणि लग्नात हार घातलेल्या माणसाच्या मानेवर मी हा त्रास पाहिला आहे.

इलाज आहे. स्टिरॉइडचं मलम, गरजेप्रमाणे ॲझाथायोप्रिनसारखं औषध, तेही रक्तातल्या पेशींवर आणि यकृतावर नजर ठेवून. पण खरा इलाज वावरात आहे. हे गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मुळासकट उपटलं पाहिजे. फुलल्यावर उपटलं तर उपटणाराच आजारी पडतो आणि बी पसरतं ते वेगळंच. मेक्सिकोहून आणलेला भुंगा १९८४ पासून आपल्याकडे सोडला जातो. तो मुख्यतः याच गवतावर ताव मारतो आणि पावसाळ्यात चांगलं काम करतो. जबलपूरची तण संशोधन संस्था दर ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताह पाळते. तेल्हारा तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने तो मनापासून पाळला तर माझी पोळ्यानंतरची ओपीडी निम्मी होईल असं मला वाटतं.

दुसरा मोठा विषय सोयाबीनचा. माझ्या लहानपणी या भागात ज्वारी आणि कपाशी होती. सोयाबीन आलं ते गेल्या तीस-चाळीस वर्षांत, आणि त्याच्याबरोबर धुळीचा एक नवा हंगाम आला. सुडी लावून ठेवलेलं सोयाबीन हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, घातलं की एका बाजूने दाणा, दुसऱ्या बाजूने कुटार, आणि मधे माणसं दिसेनाशी होतील इतकी धूळ. रात्री दव पडतं, कुटाराला ओल धरते, त्यावर बुरशी येते. ती सकाळच्या धुळीत मिसळते. डोक्याला आणि नाकाला रुमाल बांधून माणसं दिवसभर त्यात उभी असतात, आणि मध्यरात्री छाती भरून येते.

याचा विचार करताना मला बार्सिलोनाची गोष्ट नेहमी उपयोगी पडली. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनमधल्या त्या शहरात मधूनच एखाद्या दिवशी अनेक लोक दम्याने गुदमरून इस्पितळात धावत. कारण सापडेना. प्रदूषण पाहिलं, हवामान पाहिलं. शेवटी डॉ. आंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरावरच्या जहाजांच्या नोंदी आणि इस्पितळातल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. ज्या ज्या दिवशी साथ आली होती त्या त्या दिवशी जहाजांतून सोयाबीन उतरत होतं. धान्य साठवण्याच्या एका बुरुजाला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. सोयाबीनच्या टरफलातली प्रथिनं वाऱ्याने शहरभर पसरत होती. गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. १९८९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. नुसत्या गाळण्यांनी एवढं झालं.

आमच्याकडे मी काही पेशंटना पीक फ्लो मीटर दिले. हे एक स्वस्त प्लास्टिकचं नळकांडं असतं. जोरात फुंकलं की श्वासनळ्या किती मोकळ्या आहेत त्याचा आकडा दिसतो. सोयाबीन काढणीच्या आधी, काढणीत आणि नंतर, सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचा. हडंब्यावर काम करणाऱ्या एका जवान गड्याचा सकाळी ४२० असलेला आकडा रात्री २६० वर आलेला होता, आणि ज्या दिवशी गावात मयत झाली म्हणून काम बंद होतं त्या दिवशी तो जागचा हलला नव्हता. अशी वही समोर असली की औषधाबद्दल वाद घालावा लागत नाही. यात ॲलर्जी किती आणि नुसत्या धुळीचा चटका किती हे प्रत्येकात वेगळं असतं, ते त्वचेवरच्या चाचणीने आणि पुढच्या हंगामाने ठरतं. पण करायचं काय ते दोन्हींत सारखंच: दम्याच्या माणसाने हडंब्यापासून लांब राहावं, पोती शिवावी, ट्रॅक्टर चालवावा, कुटाराचं तोंड वारा जाईल त्या दिशेला, गावापासून उलटं ठेवावं, रुमालाऐवजी नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा, आणि श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप दसऱ्याच्या आधीच सुरू करावा.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देण्याची रीत आपल्याकडे ठिकठिकाणी आहे. ती घेणाऱ्यांचा विश्वास मी समजू शकतो. कोजागिरी येते ती नेमकी सोयाबीनच्या धामधुमीत, त्रास शिखरावर असताना. पुढच्या पंधरा दिवसांत काढणी संपते, हवा निवळते, दमा आपोआप उतरतो, आणि श्रेय खिरीला जातं. खीर खुशाल घ्यावी, पण पंप बंद करू नये, एवढंच मी हात जोडून सांगत आलो आहे.

‘‘पंप लागला का सुटत नाई, मरेपर्यंत घ्या लागते,’’ हे वाक्य मी तरुण मुलींच्या आयांकडून सगळ्यात जास्त ऐकलं. मुलीला पंप आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल ही त्यामागची भीती. त्यांना मी कागदावर हिशेब मांडून दाखवतो. पंपाच्या एका झुरक्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि ते थेट श्वासनळीत जातं. लपूनछपून जी गोळी देता, ती प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची असेल तर वजनाने पन्नासपट होते आणि सगळ्या शरीरभर फिरते; हाडं ठिसूळ करते, साखर वाढवते, तोंड सुजवते. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही स्पष्ट सांगितलं आहे की दम लागल्यावर घेण्याचा, नळ्या तेवढ्या उघडणारा पंप एकटा वापरू नये; त्याच्याबरोबर सूज कमी करणारं श्वासातलं औषध हवंच. दम्याने होणारे बरेच मृत्यू औषध नाही म्हणून होत नाहीत. औषध घरात असूनही भीतीपोटी किंवा लाजेपोटी घेतलं नाही म्हणून होतात.

ज्याला त्याला ॲलर्जी म्हणूनही चालत नाही. जिनिंगमध्ये काम करणारा माणूस म्हणतो की सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, मग हळूहळू सवय होते. कापसाच्या धुळीचा हा जुना आजार, बायसिनोसिस. कापसाच्या पाना-बोंडांच्या कचऱ्यावर जिवाणू असतात आणि त्यांच्या विषाने श्वासनळ्या आवळतात. यात ॲलर्जीच्या गोळीचा उपयोग नाही; धूळ ओढून घेणारे पंखे आणि कामाची जागा बदलणं हाच उपाय. हिवरखेड-दानापूरकडे पानपिंपळी वाळवणाऱ्यांना ठसका लागतो, तो तिखटाचा चटका असतो. आणि कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाला घाम सुटला, बाहुल्या बारीक झाल्या, तोंडाला लाळ सुटली, तर ती विषबाधा असते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात तिने किती घरं उजाड केली ते सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी ‘औषधाची ॲलर्जी झाली’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवणं जिवावर बेततं. ॲलर्जीच्या डॉक्टरचं अर्धं काम ‘ही ॲलर्जी नाही’ हे ठामपणे सांगण्याचं असतं.

आता ज्या गोष्टीत मिनिटं मोजावी लागतात तिच्याकडे येतो. सर्पदंश आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात. मागे सातपुडा, पुढे काळी जमीन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिसर्पविष आजही घोड्याच्या रक्तापासूनच बनतं. मुंबईच्या हाफकिनने ते पिढ्यान् पिढ्या बनवलं. म्हणजे पिर्केने व्हिएन्नाच्या मुलांना जे टोचलं त्याच जातीचं औषध. सुरुवातीलाच दहा व्हायल शिरेतून द्याव्या लागतात आणि काही पेशंटना त्याचीच तीव्र प्रतिक्रिया येते: अंगावर पित्त, उलटी, घरघर, रक्तदाब खाली. आणि जे सुखरूप घरी जातात त्यांच्यातले काही आठवड्याभराने ताप आणि सुजलेले सांधे घेऊन परत येतात. १९०५ च्या पुस्तकातलं वर्णन मी तेल्हाऱ्यात असं डोळ्यांनी पाहिलं. विष पुन्हा उफाळलं असं घरच्यांना वाटतं. मांत्रिकाकडे न्यायची तयारी चाललेली असते. ते विष नाही, सीरम सिकनेस आहे, थोड्या दिवसांच्या औषधाने जाईल, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळतो.

तीव्र प्रतिक्रियेवर मात्र एकच औषध आहे: ॲड्रेनॅलिन. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक हजारात एक या प्रमाणाच्या द्रावणाचा अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलांना वजनाप्रमाणे, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. कॅनडातल्या डॉ. एस्टेल सायमन्स यांनी १९९८ मध्ये मुलांवर केलेल्या अभ्यासात दाखवलं की स्नायूत दिलेलं औषध रक्तात सरासरी ८ मिनिटांत कमाल पातळी गाठतं, तर त्वचेखाली दिलेल्याला सरासरी ३४ मिनिटं लागतात. ब्रिटनमधल्या मृत्यूंच्या नोंदी तपासून डॉ. पम्फ्री यांनी २००० मध्ये दाखवलं की इंजेक्शनने आलेल्या प्रतिक्रियेत हृदय बंद पडायला बहुतेकदा पाचच मिनिटं लागतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचं काही सांगावं लागत नाही. तरीही आपल्याकडे हात आधी जातो तो एव्हिल आणि डेक्साकडे. ती औषधं खाज कमी करतात, पण पडलेला रक्तदाब उचलत नाहीत. प्रतिसर्पविष सुरू करायच्या आधीच सिरिंजमध्ये ॲड्रेनॅलिन भरून ट्रेमध्ये ठेवायचं, तिच्यावर चिकटपट्टीने नाव लिहायचं, आणि रक्तदाब खाली जाताच कुणालाही न विचारता नर्सने ते टोचायचं, हा नियम मी जिथे जिथे शिकवायला गेलो तिथे आधी शिकवला. ॲम्प्यूल महाग नाही. ती उजेडात ठेवू नये आणि रंग गुलाबी-तपकिरी झाला तर फेकून द्यावी, एवढंच सांभाळायचं.

पेनिसिलीनच्या भीतीनेही आपलं मोठं नुकसान केलं आहे. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीन मिळालं तर पुढचं नुकसान टळतं. पण प्रतिक्रिया येईल या धास्तीने ते इंजेक्शन द्यायलाच कुणी तयार नसतं. ज्यांना ‘पेनिसिलीन चालत नाही’ असं सांगून ठेवलेलं असतं त्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना ते चालतं, असं जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. लहानपणी तापात अंगावर उठलेलं पुरळ आयुष्यभराचा शिक्का होऊन बसतं. असा शिक्का काढून टाकणं हे मला नवीन औषध शोधण्याइतकंच मोलाचं वाटतं.

माझ्या शाखेची दुसरी बाजू लोकांना कमी माहीत आहे. प्रतिकारशक्ती काहींत भलत्या गोष्टीवर उसळते, तर काही मुलांत ती जन्मतःच अपुरी असते. अशाच एका लहान मुलाला न्यूमोनिया वारंवार होत होता. सहा महिन्यांचा होईपर्यंत ठणठणीत, मग एकामागून एक आजार. बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला तर टॉन्सिल जवळजवळ नव्हतेच. गावातल्या लॅबचा साधा रिपोर्ट होता. टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केलं तर खाली फारच थोडं उरत होतं. आजीला बाजूला बसवून विचारलं, तेव्हा कळलं की पोराच्या आईचे दोन भाऊ असेच दूधपितेपणी गेले. एका आजीच्या दोन वाक्यांनी निदान जवळजवळ पुरं केलं. आईकडून मुलग्यांत येणारा, प्रतिद्रव्यांच्या अभावाचा हा दोष अमेरिकेतले डॉ. ब्रूटन यांनी १९५२ मध्ये पहिल्यांदा वर्णिला.

खात्रीसाठी रक्त मुंबईला पाठवायचं होतं. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगटांच्या केंद्रापासून सुरू झालेली ही संस्था डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे आज जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानासाठी देशभर ओळखली जाते. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त बर्फात ठेवायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचवायचं. मुलाचा काका शेगाव स्टेशनावरून रात्रीच्या गाडीने ती नळी कापडात गुंडाळून घेऊन गेला. निदान पक्कं झालं. आता त्या मुलाला ठरलेल्या अंतराने इम्युनोग्लोब्युलिन मिळतं. ते महाग आहे, त्यासाठी दर वेळी योजना, ट्रस्ट, अर्ज यांची खटपट करावी लागते, पण मुलगा शाळेत जातो आणि त्याच्या मावश्यांना आपल्या पोटी येणाऱ्या मुलांसाठी आधीच सावध राहता येतं.

तालुक्याच्या गावात बसून संशोधन कसं होणार, असं मला अनेकांनी विचारलं. त्यांना मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव सांगतो. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाने माणसं मरताना त्यांनी पाहिली, रात्ररात्र पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी केल्या, आणि प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग शोधला. १९८२ पासून त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून येत गेलं. मृत्यूंचं प्रमाण उतरत उतरत एका टक्क्याच्या आसपास आलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. प्रश्न त्यांच्या दारात येत होता आणि त्यांनी तो टिपून ठेवला.

माझ्या कामात एका गोष्टीचं दुःख सतत राहिलं. ‘शंभर पदार्थांची ॲलर्जी एका रक्तात’ अशा पॅकेजवर शेतमजूर महिन्याची मजुरी घालवतात. हातात येतो तो दूध, गहू, शेंगदाणा, तूर यांच्यापुढे खुणा असलेला कागद. मग पोराचं दूध बंद, वरण बंद, आणि सहा महिन्यांत ते हाडाची काडी होऊन माझ्याकडे येतं. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडणं म्हणजे ॲलर्जी असणं नव्हे. तो पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी, थोड्या वेळात त्रास होतो का, हे विचारल्याशिवाय त्या खुणेला अर्थ नाही. आणि ज्या चाचण्या आयजीजी मोजून अन्नाची ॲलर्जी सांगतात त्यांना शास्त्रीय आधारच नाही. जो पदार्थ पोरगं रोज खातं आणि पचवतं, तो कागदावर काहीही आलं तरी बंद करू नका.

वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. डॉक्टरकडे जाताना जुन्या औषधांच्या पिशवीबरोबर एक साधा कागद न्या: त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या कामावर, घरात की वावरात, किती वेळात सुरू होतो, काय केल्याने थांबतो. कोणत्या औषधाने काय झालं ते नाव आणि तारखेसह लिहून ठेवा. पंप लपवू नका. गावच्या आरोग्य केंद्रात ॲड्रेनॅलिन आहे का, हे ग्रामसभेत विचारा. तो तुमचा हक्क आहे. तरुण डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधी पेशंटला त्याच्या वावराचं विचारावं आणि उत्तर वहीत लिहावं. या शाखेत काम करायचं असेल तर वऱ्हाडात या. इथे प्रश्न भरपूर आहेत, पेशंट खुल्या मनाने बोलतात, आणि त्यांचं ऐकून नोंद ठेवणारे डॉक्टर फार थोडे आहेत.